लेनीमावशीच्या ट्रेमधली हिरवी पूड

माझ्या द्राक्षमळ्यात सापडलेलं रोमन नाणं मी नळाखाली साबणानं घासलं आणि मावशीला खूश करायला गुपचूप तिच्या नाण्यांच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवलं. ओलंच. इतक्या प्रेमानं मी स्वतःचे मोजेही कधी धुतलेले नाहीत.

आमच्या मोझेल नदीकाठी मळा खणला की कुदळीला एखादा बादशहा लागतोच. रविवारी चर्च सुटलं की लोक त्याला रुमालात बांधून, कुठला ते ओळखून घ्यायला, लेनी झेंडरच्या, म्हणजे मावशीच्या, स्वयंपाकघरात आणतात. दोन वर्षांपूर्वी मावशीचे डोळे गेले, पण काम थांबलं नाही. ट्रेमध्ये तिची ओळखीची तीनशे ब्राँझची नाणी होती. नवं नाणं एका अंगठ्याखाली, ट्रेमधलं दुसऱ्याखाली. दोन्ही जुळली की निकाल.

"चेहरा कसला चाचपतोस? सगळे बादशहा माझ्या मेव्हण्यासारखेच लागतात. उलटं कर. दोन शिपाई, मधे निशाण एकच? मग उशिराचं. दोन असती तर थोडं आधीचं," असं ती मला शिकवायची.

मी नाणं ठेवल्यावर तीन आठवड्यांनी तिचा अंगठा ट्रेमध्येच थांबला.

"हे पीठ कसलं रे?"

पीठ नव्हतं. फिकट हिरवी पूड होती, माझ्या नाण्यावर आणि शेजारच्या चारांवर. मी कबूल केलं.

"नळाचं पाणी?"

"हो."

"पुसलंस तरी?"

"विजारीला."

मावशी रागावली नाही. एरवी कॉफीचा कप जोरात ठेवला तरी माझा उद्धार करणारी बाई एवढंच म्हणाली, "ओल लागली की ब्राँझला ही कीड लागते, मग शेजारच्यालाही." तिनं पाचही नाणी वेगळी काढून, केक भाजायच्या भट्टीत मंद आचेवर वाळवली. पुढच्या रविवारी पूड दुसऱ्या ओळीत होती. त्यानंतरच्या रविवारी चौथ्या. जिथं ती बसे, तिथं ब्राँझ खडूसारखं भुगा होऊन निघे.

काल शेजारचा बेर्टोल्ड नाणं घेऊन आला. मावशीनं ते एका अंगठ्याखाली घेतलं, दुसऱ्याखाली ट्रेमधलं धरलं. बराच वेळ.

"काय गं लेनी, निशाण एक की दोन?"

"ह्याचे शिपाईच गेलेत," ती ट्रेमधल्या नाण्याबद्दल म्हणाली. "कशाशी जुळवू?"

बेर्टोल्डनं नाणं पुन्हा रुमालात बांधलं. त्या स्वयंपाकघरातून बिननावाचा परत गेलेला तो पहिलाच बादशहा.

दार लागल्यावर मी धीर करून विचारलं, "मावशी, सगळीच गेली तर?"

"मग मी खरी आंधळी."