सोळा दिव्यांचा पाट

आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, उभ्या आयुष्यात कशावरही नुसता विश्वास म्हणून ठेवला नाही. सोलापुरात ते एका तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. आमटी खारट झाली तर मुकाट्यानं गिळणं त्यांना जमायचं नाही. ताईला ती पहिल्यापासून पुन्हा करायला लावून ते प्रत्येक पायरीला थांबवायचे आणि चमचाभर चाखायचे. मीठ दोनदा पडतंय, एकदा ताईचं आणि एकदा तिच्या सासूबाईंचं, हे त्यांनी असंच शोधून काढलं आणि पुढं आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. यंत्रातला मायक्रोप्रोसेसर, म्हणजे त्याचा बोटभर मेंदू, आत काय करतो ते बाहेरून दिसावं म्हणून त्यांनी ताईच्या जेवायच्या पाटाला भोकं पाडून सोळा लाल दिवे बसवले होते. पाटाच्या वायरी चिमट्यांनी प्रोसेसरला जोडायच्या. बटण दाबलं की तो एकच पाऊल टाकून थांबायचा आणि कुठं पोचलाय ते दिव्यांवरून कळायचं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी चादरीच्या गिरणीत रंगखातं सांभाळायचो. असाच प्रोसेसर असलेल्या नव्या परदेशी यंत्रावर लाल रंग तीनदा विटकरी उतरला. यंत्र चुकणार नाही, तेव्हा मीच चुकलो, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं आणि शनिवारनंतर येऊ नका म्हणून सांगितलं. दाजी पाट काखेत मारून आले. आल्या आल्या यंत्राकडं बघितलंसुद्धा नाही. मलाच रंग तोलायला, कालवायला लावला आणि पायरीपायरीला थांबवून वहीत लिहून घेतलं. चूक एकही निघाली नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग यंत्राची पाळी. एकेक पाऊल टाकताना तेही अगदी गुणी निघालं, म्हणजे खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर.

"थांबवून बघितलं की समदी शहाणीच वागत्यात," दाजी म्हणाले. "आता पळू दे त्याला."

रंग मुरायला यंत्रानं दहा मिनिटं थांबायचं असे. त्या पायरीवरून प्रोसेसर हलला की दिवे तिथंच गोठावेत, अशी त्यांनी खटक्यानं सोय केली. चौथ्या मिनिटाला शेजारची मोठी मोटर सुरू झाली आणि दिवे गोठले. दाजींनी साहेबांनाच खाली बसवून ते वाचायला लावले. मोटरीच्या विजेच्या धक्क्यानं प्रोसेसर उरलेला थांबा सोडून पुढं उडी मारत होता, म्हणून लाल पुरता न मुरता विटकरी उतरत होता. साहेब उठले आणि मला म्हणाले, "सोमवारी या." मी ओल्या फरशीवर बसकण मारली आणि सगळ्यांदेखत रडलो. इतकं हलकं मला लग्न ठरल्यावरही वाटलं नव्हतं.

परतताना मी विचारलं, दाजी, तुम्हाला माझा संशय नव्हता ना आला?

"आला की. पैला तुझाच आला," ते म्हणाले. "म्हणून तर तुला आधी तपासलं. न्हाईतर ह्यो चुकला न्हाय, हे साहेबाला कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?"

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्यावर विश्वास असल्याचं सांगणारे पुढं पुष्कळ भेटले. इतक्या मायेनं संशय घेणारं मात्र कुणी भेटलं नाही.