उत्तराची वाट पाहणारे सुभेदार

सोमवारी आमच्या गावच्या केबल वाहिनीवरील कार्यक्रमात पाणीपुरवठ्याच्या साहेबांची मुलाखत झाली, मंगळवारी त्यांच्या कार्यालयातून केबलचालकाला फोन गेला आणि बुधवारपासून कार्यक्रम बंद आहे. मी तिघांना जबाबदार धरतो: फोन करणाऱ्याला, निमूटपणे ऐकणाऱ्या केबलचालकाला आणि घरी बसून पाहणाऱ्या आम्हां पांढुर्णेकरांना.

मुलाखत घेणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. पाहुणा आला की ते उठून उभे राहतात, स्वतः पाणी देतात आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसरा विचारत नाहीत. मी पत्राने त्यांची एक चूक दाखवली, तेव्हा ते पत्र त्यांनी पडद्यावर पूर्ण वाचून चूक कबूल केली होती.

त्या सोमवारी हेच साहेब पाहुणे म्हणून आले होते.

"साहेब, आमच्या गल्लीतल्या नळाले पाणी कोण्या दिवशी येईन?"

साहेबांनी योजनेची थोरवी सांगितली.

"ते समजलं. दिवस सांगा."

"काहून घाई करून राहिले, सुभेदार?"

"घाई कायची? तुम्ही आठवा, मी बसून राहिलो."

आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते ताठ बसून राहिले. पडद्यावर दोघेही गप्प होते. अपमानाचा एक शब्द सुभेदारांनी उच्चारला नाही.

काल बाजारात भेटले, तेव्हा म्हणाले, "काकाजी, तक्रार नका करू. केबलवाल्याचं पोट आहे त्या धंद्यावर."

त्यांचा मोठेपणा मला मान्य आहे, सल्ला मान्य नाही. कार्यक्रम कोणाच्या लेखी आदेशाने आणि कोणत्या कायद्याखाली थांबवला, हे त्या साहेबांनी आठवडी बाजाराच्या दिवशी सर्वांसमोर सांगावे.