खिंडीतला नारळ

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या खिशातली सुपारीसुद्धा न बघता कळते.

चिखलीत मला ओळखणाऱ्या प्रत्येकाने माझी लडाखची गोष्ट ऐकली आहे. बर्फाच्या खिंडीत जीप मागच्या चाकांवर कशी उभी राहिली, खाली वाळूच्या खोऱ्यात दोन कुबडांच्या उंटाने मला बघून रस्ता कसा सोडला... उंटाचं जाऊ द्या. उंट खोटा असला तरी कोणाचं काय बिघडतं?

पण सुधाकर — माझा शाळेपासूनचा दोस्त. जीप त्याची, धंदा वऱ्हाडं नेण्या-आणण्याचा. आमच्याकडे घाट लागला की नारळ फोडतात, आणि तो फोडायचा मान गाडी चालवणाऱ्याचाच. सुधाकरने चिखलीचा नारळ सीटखाली जपत लडाखपर्यंत नेला, खिंडीत फोडला. मी तेव्हा कुठे होतो? मागच्या सीटवर, तोंडावर दुपट्टा घेऊन रडत. हो — रडत. डोकं फुटत होतं, दरीकडे बघवत नव्हतं. त्याने मला धरून उतरवलं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात घातला, नारळाच्या वाट्या हातात दिल्या. "धर बे. फोटो काढतो. घरी काय रडकं थोबाड दाखवशीन?"

फोटो पाहून लोकांनीच ठरवलं — नारळ याच्या हातात, म्हणजे गाडी यानेच चालवली. मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी कधी गप्प बसलोय? म्हणालो, सुधाकरचे हातपाय गळाले, मागे पडून रडत होता, म्हणून मी घेतली गाडी. माझं रडणं मी त्याच्या गळ्यात मारलं. लोक पोट धरून हसले. तो तिथेच होता. तोही हसला.

मग त्याची घाटातली भाडी सुटत गेली. "सपाटीवर सुधाकर चालते, घाटात नको." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि पान चघळत राहिलो.

परवा पुतण्याचं वऱ्हाड रोहिणखेडला निघालं. जीप सुधाकरचीच, मी हट्टाने ठरवलेली. घाटाच्या तोंडाशी वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही समोर बसा त्याच्याजवळ. लेकरं हायेत गाडीत."

सुधाकरने गाडी थांबवली. सीटखालून नारळ काढून माझ्या हातात दिला.

"फोडा, भाऊ."

शाळेपासून त्याने मला 'बे'शिवाय हाक मारली नव्हती.

मी फोडला. मग तो स्टेअरिंगवर बसला आणि घाट उतरला — इतका अलगद, की मागे झोपलेलं एकही लेकरू जागं झालं नाही.