लताताईंचे पाय आणि आम्ही डॉक्टर

डॉक्टर मंडळी एकत्र बसली की किस्से निघतात ते पेशंटचे. स्वतःचे किस्से पचायला जड, म्हणून ते कोणी काढत नाही. पण साठतात मात्र तेच! द्वारका चौकाजवळच्या माझ्या छोट्या दवाखान्यात गेल्या अकरा वर्षांत असे बरेच साठलेत, आणि सगळे एकाच माणसाच्या पायांवरून.

लताताई माझ्या सिस्टर. रोज सायखेड्याहून एसटीने येतात. चेहरा, खांदे बेताचे. पण कमरेपासून घोट्यापर्यंत पाय इतके जड की संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नुसता धक्का लागला तरी कळ येते, काळेनिळे डाग उठतात. यंदा एक दिवस म्हणाल्या, "सर, दिवाळीनंतर मी नाय येत. उभंच राहवत नाय."

अकरा वर्षं सोबत असलेली माझी सिस्टर चालली होती, आणि मी काय म्हणालो? "वजन कमी करा."

*

खरं तर वजन त्यांनी केव्हाच कमी केलं होतं. डाएटचा कागद माझाच! भाकरी अर्धी, भात बंद, गोड बंद. सहा महिन्यांत गाल बसले, ब्लाऊज सैल झाले आणि पाय होते तस्से.

मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "पायांवरून जरा उशिरा उतरतं."

हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला आजही माहीत नाही. घरी बायकोला मात्र म्हणालो, "चोरून खात असणार." त्या वाक्याची अजून लाज वाटते.

*

मग मी त्यांना माझ्या एका फिजिशियन मित्राकडे पाठवलं. त्याने नडगीवर अंगठा दाबून पाहिला. पायात पाणी साठलेलं असलं की खड्डा पडतो. इथे पडला नाही. तरी पठ्ठ्याने पाणी उतरवायची गोळी लिहून दिली!

"अरे, खड्डा नाही तर गोळी कशाला?" मी फोनवर विचारलं.

"पेशंट एवढ्या लांबून येतो, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवणार?"

लताताई सकाळी गोळी घेऊन एसटीत बसल्या. पहिल्याच दिवशी बस मध्येच थांबवावी लागली. पाय तसूभर कमी झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी कंडक्टरच म्हणाला, "ताई, आज गोळी घेतली का? मग दारापाशी बसा!"

*

दिंडोरीच्या एका डॉक्टरांना हत्तीरोगाचा संशय आला. रक्त तपासलं. रिपोर्ट निगेटिव्ह.

"लॅब बदला," डॉक्टर म्हणाले.

*

पण सगळ्यांवर कडी केली ती सराफाने! ताई पैंजण घ्यायला गेल्या. पैंजण घोट्यावर बसेना, जोडवी मात्र लहान मापाची लागली. म्हातारबुवा चष्मा वर करून म्हणाले, "बाई, सूज असती तर पाऊलही सुजलं असतं. तुमचं पाऊल तर पोरीसारखं आहे. हे काहीतरी वेगळंच दिसतंय. डॉक्टरला दाखवा."

"दाखवलंय की!" ताई म्हणाल्या.

"मग दुसऱ्या डॉक्टरला दाखवा."

ताईंनी हे मला येऊन सांगितलं, तेव्हा मी खो खो हसलो. सराफाला काय कळतंय!

*

त्यानंतर दोनच महिन्यांनी माझ्याकडे ऋतुजा नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट यायला लागली. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "सर, सिस्टरना लिपेडिमा आहे ना?"

"हो, हो. मलाही तोच संशय होता," असं म्हणून मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि मोबाईल काढला.

दोन्ही पायांवर सारख्याच प्रमाणात साठणारी, दुखणारी चरबी. पावलं मोकळी. डाएटला दाद नाही. बहुतेक बायकांनाच होतो. फोटोतले पाय आमच्या लताताईंचेच वाटत होते. पुढे रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांनी नीट तपासून शिक्कामोर्तब केलं.

मी ताईंना समोर बसवून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या खाण्यानं नाय झालं हे?"

"नाही. चूक आमची झाली. मला माफ करा."

"मग आता बरं होईल?"

"पूर्ण नाही होणार. घट्ट मोजे घालायचे, पाण्यातला व्यायाम करायचा. दुखणं कमी होईल."

त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि एकदम हसायलाच लागल्या. "सर, बरं होणार नाय म्हणता, आन् मला लय बरं वाटतंय!"

खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरला, त्यांच्याही आणि माझ्याही. महिनाभरात त्या कठडा न धरता जिना उतरायला लागल्या. नोकरी सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

आम्हा डॉक्टरांची दर महिन्याला एक मीटिंग असते. विषय काय हे कोणी विचारत नाही, जेवणात काय ते विचारतात! त्या महिन्यात मी लिपेडिमा हा विषय घेतला आणि लताताईंना विचारलं, "याल का?" त्या लगेच तयार झाल्या.

माझ्या तिसऱ्या स्लाईडलाच लोक घड्याळ बघायला लागले. ताई खुर्चीवरून म्हणाल्या, "सर, नुसतं बघून कळायचं नाय. एकेकानं या आन् दाबून बघा. हळू मात्र, दुखतंय!"

तीस-चाळीस डॉक्टरांची रांग लागली. "पडला का खड्डा? नाय ना? आता पाऊल बघा," ताई प्रत्येकाला समजावत होत्या. माझा फिजिशियन मित्र कान पकडून पुढे गेला.

सगळ्यात शेवटी मॅडम आल्या. गावातल्या सर्वांत ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ. वजनावरून बायकांना अशा झाडतात की काही जणी वजनकाटा बघूनच परत फिरतात. मला वाटलं, आता लताताईंचं काही खरं नाही.

तोवर जेवण लागलं होतं, हॉल रिकामा होत होता. मॅडमनी ताईंच्या पायाला हातही लावला नाही. समोर खुर्ची ओढून बसल्या. एकदा मागे वळून पाहिलं. मग साडीचा काठ घोट्यापासून वीतभर वर उचलला आणि हळूच म्हणाल्या, "लताताई, जरा माझे बघता का?"