पंढरीनाथ कुठून आला?

आमच्या वडिलांची तीन नावं होती. शाळेच्या दाखल्यावर श्यामराव, रेशनकार्डावर शामराव आणि गोदामाच्या हजेरीपटावर शामराम. माणूस एकच, अकोल्यात पोती उचलणारा. नऊ वर्षं रोजंदारी झाल्यावर कायम करायची यादी निघाली, तेव्हा साहेबांनी तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि विचारलं, "यातला तू कोण?" बाबा म्हणाले, "तिन्ही मीच." यादीत चौथ्याच कुणाचं नाव लागलं. पुढे आईच्या शिलाई मशीनवर घर चाललं, आणि मी कुठलाही फॉर्म भरला की बाबा तो अक्षरं लावून वाचायचे.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. लायब्ररी सायन्स. हे मी न विचारताही सांगते, सवय आहे. लग्नानंतर नाव माहेरचंच ठेवलं आणि अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले. वर्क परमिट हातात पडलं, आणि शिकागोतल्या एका छोट्या ऑफिसात लागले. तिथे मी नावं तपासते.

सिनेमाच्या स्क्रिप्टमध्ये पात्रं असतात, दुकानांच्या पाट्या असतात. ती नावं खऱ्या माणसांची निघू नयेत, हे बघणं म्हणजे क्लिअरन्स. नियम ऐकून लोक हसतात. त्या गावात त्या नावाचं कुणीच नसेल तर नाव पास. दहा-वीस जण असतील तरी पास, कारण "हा मीच" असं कुणालाच छातीठोक म्हणता येत नाही. एकच असेल तर मात्र फेल. एकटा माणूस कोर्टात जातो. आमच्या रिपोर्टशिवाय सिनेमाचा विमा निघत नाही, आणि विम्याशिवाय शूटिंग नाही.

मागच्या हिवाळ्यात आमची बॉस लिंडा एक स्क्रिप्ट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हा रिपोर्ट तुझ्या एकटीच्या सहीने जाईल. तुझा पहिला."

"आणि चुकला तर?"

"तर शेवटचाही."

स्क्रिप्ट एका खोटारड्या रिपोर्टरवर होती. हा गडी बातम्यांतली माणसंच मनाने तयार करतो. त्याची सगळ्यात गाजलेली बातमी नेपरव्हिलच्या एका केमिस्टची, मुदत संपलेल्या गोळ्या विकणाऱ्या. शेवटी संपादक म्हणते, तो केमिस्ट मला दाखव. तो दाखवता येत नाही, कारण तो नाहीच. म्हणजे माझं काम असं, की खोट्या माणसाने बनवलेला खोटा माणूस खरोखरच खोटा आहे, याची खात्री करायची.

केमिस्टचं नाव होतं दिगंबर पंढरीनाथ ठोसर.

मी शोधलं. नेपरव्हिलमध्ये दिगंबर ठोसर शून्य. नियमाने पास. सही करायला पेन उघडलं आणि पंढरीनाथापाशी अडले. अमेरिकन लेखकाला भारतीय माणूस लागला की तो राज पटेल लिहितो. फारच अभ्यास केला तर दीपक. दिगंबर एक वेळ नेटवर सापडेल. पण मधे वडिलांचं नाव घालायची पद्धत आपली. जो माणूसच मनाने बनवतोय, तो त्याला बाप कशाला बनवेल? आणि तोही पिढीला शोभेलसा?

मी ग्रेगला फोन लावला. ग्रेग म्हणजे सिनेमाचा लेखक आणि दिग्दर्शकही.

"हे नाव कुठून आणलंस?"

"डोक्यातून. आय मेड इट अप."

"पंढरीनाथसुद्धा?"

"त्याला एक रिदम आहे ना," ग्रेग म्हणाला. "लवकर सही कर. सोमवारी शूटिंग आहे, दुकानाची पाटीसुद्धा रंगवून झाली."

तो दिवस गुरुवार होता. सही करून मोकळं व्हावं, असं वाटलं नाही असं नाही. पण कागद एका माणसाची तीन माणसं करू शकतात, हे मी कॉलेजात जायच्या आधीच शिकले होते. ठोसरचं स्पेलिंग मी पाच तऱ्हांनी लिहून बघितलं. चौथ्या तऱ्हेला नेपरव्हिलमध्येच एक सापडला. डी ठोसर. इथल्या ऑफिसात दिगंबरचा 'डी' व्हायला एक आठवडा पुरतो.

फोन एका वयस्क गृहस्थांनी उचलला. मी मराठीतच सांगितलं, की मी सिनेमाच्या कामासाठी बोलतेय आणि तुमचं पूर्ण नाव विचारायचं आहे.

मागून बाईंचा आवाज आला. "अहो, कोण आहे?"

"सिनेमावाली."

"ठेवा फोन. परवा खोटा पोलीस होता, आज सिनेमा. सोशल सिक्युरिटी नंबर सांगू नका."

"सांगत नाहीये गं. मराठी बोलतेय."

"मग तर मुळीच सांगू नका."

गृहस्थ माझ्याकडे वळले. "आधी तुमचं नाव सांगा."

"सुनंदा इंगळे."

"मधलं?"

"शामराव."

"गाव?"

"अकोला."

त्यांनी फोन बाजूला धरला. मग तिकडे, "अगं, फ्रॉड नाहीये. वडिलांचं नाव पटकन सांगितलं." आणि मला, "बोल बाळ. मी दिगंबर पंढरीनाथ ठोसर."

मी पेनाचं टोपण लावून टाकलं. "काका, तुमचं औषधाचं दुकान होतं?"

"छे. मी पुलांचा इंजिनिअर. का?"

"ग्रेग नावाच्या कुणाला ओळखता?"

"उंच? सदा लाल टोपी? शेजारी होता आमच्या. स्नोब्लोअर लावून स्वतःचा बर्फ आमच्या ड्राइव्हवेत उडवायचा. मी कॉलनीच्या असोसिएशनला सात पत्रं लिहिली."

"पूर्ण नावानिशी?"

"मग? निनावी तक्रार भेकड लोक करतात."

पंढरीनाथ कुठून आला ते कळलं. मी काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, भडकतील. ते म्हणाले, "नाव काढू नकोस हं. सिनेमात माझं काम कोण करतंय?"

"काका, तो माणूस जुन्या गोळ्या विकतो. शिवाय तो खोटा असतो."

"मग पूल बांधणारा दाखवा. खराही दाखवा."

मागून काकू म्हणाल्या, "आणि बर्फ उचलतानाचाही दाखवा म्हणावं. कंबर कुणाची गेली?"

शुक्रवारी सकाळी ग्रेगशी व्हिडिओ कॉल झाला. लिंडा माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, "ठोसर फेल. पहिल्या सर्चमध्ये शून्य होते, मग एक सापडला."

"तुझ्या पहिल्या सर्चमध्ये शून्य होते," ग्रेग म्हणाला. "मग शून्यच लिही ना. तो 'डी' लिहितो. टेक्निकली ते वेगळं नाव आहे."

"त्याच्या सात पत्रांवर पूर्ण नाव आहे. तू वाचली असशील."

ग्रेगने टोपी काढली, पुन्हा घातली. लालच होती.

लिंडाने विचारलं, "ग्रेग, तुझा सिनेमा कशावर आहे?"

"ऑनेस्टीवर," तो हळू आवाजात म्हणाला.

गंमत बघा, अख्ख्या स्क्रिप्टमध्ये खरा माणूस एकच होता, आणि त्यालाच सगळे मिळून खोटा ठरवत होते.

त्याने नवीन नाव मागितलं. मी म्हटलं, सुरेश पाटील. पाहिजे तितके आहेत. "यात रिदम नाही," ग्रेग म्हणाला. लिंडा म्हणाली, "विमा आहे." शनिवारी नवीन पाटी रंगली, सोमवारी शूटिंग सुरू झालं.

जुनी पाटी काकांनी मागून घेतली. ग्रेगने स्वतः नेऊन द्यायची, ही अट काकूंची. तो गेला. त्या दिवशी बर्फ पडला होता, आणि काकूंनी त्याच्या हातात आधी फावडं दिलं. पाटी आता त्यांच्या गराजमध्ये टांगलेली आहे. खाली 'फार्मसी' लिहिलंय, त्यावर काकांनी टेप लावून 'पूल' असं लिहिलंय.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकले. खोटं रचणारा मेहनतीला कंटाळतो. एखाद्या थापेत गरजेपेक्षा जास्त तपशील दिसला, तर तो तपशील बहुतेक खरा असतो. तिथून ओढायला सुरुवात करावी.

सिनेमाच्या शेवटी नावांची यादी येते. लिंडाने माझं नाव विचारलं तेव्हा मी तिन्ही शब्द लिहून दिले. ती म्हणाली, "लाइन लांब होते." मी म्हटलं, होऊ दे. सिनेमा लागल्यावर पडद्यावरच्या त्या यादीचा फोटो काढून अकोल्याला पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी चष्मा पुसला. इंग्रजी अक्षरं ते माझ्याच फॉर्मवरून शिकलेले. एकेका अक्षरावर बोट ठेवत मधल्या शब्दाच्या टोकापर्यंत गेले, आणि परत पहिल्यापासून आले.

"बराबर आहे," म्हणाले.

रिपोर्ट तेव्हापासून माझ्या सहीने जातात. आणि वडिलांचं नाव एका यादीत तरी बरोबर लागलं.