चाळीस मिनिटांचा आवाज

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घेणाऱ्या खोलीत चार टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'ताई' म्हणत. ताईंना दिसत नव्हतं. विसाव्या वर्षी आलेल्या तापात नजर गेली ती गेलीच. पण कामात त्या कुणाला हार जात नसत. उजव्या कानाला फोन, डाव्या कानात हेडफोन. फोनवरचा माणूस तीन दिवस नळ कोरडा म्हणून ओरडत असे, आणि डाव्या कानात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज चालू असे, इतका भरभर की शेजारच्याला वाटावं माशी गुणगुणतेय. सोळा वर्षं हे असंच. संध्याकाळी नवऱ्याने "चहा टाकू का?" विचारलं तरी त्यांना ती तक्रारच वाटायची.

मग ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना. त्याचा नवा परवाना विकत घ्यावा लागणार होता. साहेब म्हणाले, "फाइल वर पाठवलीय." वरून शेरा आला, 'एका व्यक्तीसाठी?' साहेबांनी उत्तर दिलं. वरून दुसरा शेरा आला.

तोवर ताईंनी त्याच सॉफ्टवेअरच्या चाचणीपुरत्या फुकट नमुन्यावर भागवायचं ठरलं. तो नमुना चाळीस मिनिटं बोलायचा आणि गप्प व्हायचा. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. मधल्या वेळात ताई फोनवर "एक मिनिट हं" म्हणत.

"बाई, माझ्याकडे पाणी नाही आणि तुमच्याकडे वेळ नाही. आपलं जमायचं कसं?" एकाने विचारलं.

दिवसातून दहा-दहा वेळा हे. ताईंच्या नाकी नऊ आले.

नजर गेल्यावर अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात भेटलेला त्यांचा वर्गमित्र आता कॉम्प्युटर शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. तो फोनवर म्हणाला, "अगं, तसलंच एक फुकट मिळतं. आपल्यासारख्याच लोकांनी बनवलंय. त्या फाइलीमागे कशाला झिजतेस?"

"म्हणजे बोटांना सगळं पुन्हा शिकवायचं? पन्नाशी उलटली रे माझी."

"मग बस 'एक मिनिट हं' म्हणत."

रविवारी नवरा घरच्या कॉम्प्युटरसमोर बसला. "हिरवं बटण आहे, त्यावर डाउनलोड लिहिलंय. खाली अजून एक. बाजूला आणखी दोन. कुठलं दाबू?"

"अहो, मला विचारताय?"

त्याने सगळ्यात मोठं दाबलं. त्यातून कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारं भलतंच काहीतरी घरात शिरलं, आणि ते काढता काढता रविवार संपला. "फुकट ते पौष्टिक म्हणतात," नवरा कपाळ पुसत म्हणाला, "आपल्याला तर अजीर्ण झालं."

दुसऱ्या दिवशी मास्तरने वेबसाइटचा खरा पत्ता अक्षर अक्षर करून सांगितला, आणि मग ते आलं. आवाज ऐकून नवरा हसला, "हा पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतोय की काय?" ताईंना हसू आलं नाही. आवाज परका, बटणं दाबायची रीत वेगळी. जेवणं आटोपली की रोज तासभर त्या बसत. बोटं जुन्या सवयीने चुकीच्या जागी पडत आणि त्या "हात मेले" म्हणून स्वतःवरच चिडत.

ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागाच्या माणसाने मान हलवली. "फुकटचं काही टाकायचं नाही. व्हायरस आला तर?" शेवटी मास्तरने सांगितल्याप्रमाणे ताईंनी ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि साहेबांसमोर ठेवलं. साहेब म्हणाले, "लावा. मी काही पाहिलेलं नाही."

"मीही नाही," ताई म्हणाल्या.

पण तक्रारीच्या फॉर्मवर नवा आवाज नुसता "बटण, बटण, बटण" म्हणे. कुठलं कशाचं, ते सांगेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा सगळी वाचून दाखवली, ताईंनी पाठ केली. सातवं तक्रार नोंदवायचं, सहावं पुसायचं. पहिल्या आठवड्यात दोन तक्रारी पुसल्या गेल्या. ती माणसं पुन्हा फोन करून तावातावाने बोलली. ताईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं. चूक त्यांचीच होती.

महिन्याभराने हात बसला. साहेब खूश होऊन टेबलाशी आले. "वरची फाइल बंद करून टाकली. सुंठीवाचून खोकला गेला! तुमच्या कौतुकाचं पत्र काढतो. आणि दुसऱ्या दोन ऑफिसांत तुमच्यासारखेच दोघं आहेत, त्यांनाही शिकवाल ना?"

ताईंनी हेडफोन काढला. "खोकला गेला साहेब, पण छाती माझी दुखली. कौतुकाचं पत्र नको. हे मशीनवर रीतसर टाकायची लेखी परवानगी द्या. आणि शिकवायचं ते ऑफिसच्या वेळात. घरी नाही."

साहेब म्हणाले, "बघतो."

परवानगी यायला अकरा दिवस लागले, पण आली. शिकवण्यासाठी गुरुवारची दुपार मिळाली. त्या दोघांपैकी एकाने परवानगी आली त्याच संध्याकाळी ताईंच्या घरी फोन केला, घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागला, "ताई, जमेल का हो मला?"

"जमेल," ताई म्हणाल्या. "दमायला होतं, पण जमतं. गुरुवारी बोलू."

फोन ठेवून त्या खुर्चीतच डोकं मागे टेकून बसल्या. नवऱ्याने काही न विचारता रेडिओ बंद केला.