पाय धरणारे दाजी

जगात सगळ्यांत जास्त लोकांचे पाय आमच्या दाजींनी धरले असतील, आणि तेही कुणाकडे तिकीट किंवा बदली न मागता. दाजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे यजमान. जालना रोडवरच्या एका दवाखान्यात कातडीखालून रक्त किती वाहतं ते मोजायचं यंत्र आहे, ते चालवणं हे त्यांचं काम. सुई नाही, चिरा नाही. पायाच्या बोटाला चिकटपट्टीनं तारेचं टोक लावायचं, तिथं बारीक लाल उजेड पडतो आणि पडद्यावर रेघ धावू लागते. साखरेच्या पेशंटची जखम भरेल की बोट काढावं लागेल, याचा अंदाज डॉक्टर त्या रेघेवरून बांधतात. रेघ मात्र भलती नाजूक. पेशंट बोलला की उड्या मारते, गार वारा लागला की मान टाकते. म्हणून ऐन मे महिन्यात दाजी पंखा बंद करून, खिडक्या लावून, पेशंटला चादरीत गुंडाळून बसतात आणि स्वतः घामानं निथळतात. सवय घरीही सुटत नाही. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी त्याचे पाय बघतात. एका लग्नात पोरींनी नवरदेवाचे बूट पळवले, तेव्हा सगळे हसत होते आणि दाजी त्याचे अंगठे निरखून, बूट फार घट्ट घेतलेत म्हणून त्याला मांडवातच झापत होते.

पायाला हात लागला की म्हातारी माणसं आपसूक आशीर्वाद देतात. खुलताबादचे एक चाचा तर थांबायलाच तयार नव्हते. "दुवा नंतर द्या चाचा, आत्ता गप पडा," दाजी म्हणाले. नंतर मात्र त्यांनी तो आशीर्वाद आठवणीनं मागून घेतला. दाजी पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली होती, त्यामुळे या बाबतीत ते जरा हावरटच होते.

फक्त त्यांची सासू, म्हणजे माझी देवगाव रंगारीची आत्या, त्यांना पायाशी फिरकू देत नसे. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाचे पाय धुतात. जावयानं सासूचे पाय धरायचे म्हणजे उलटी गंगा. मला 'अरे' म्हणा, मी तुमचा लेकच आहे, असं दाजी लग्नापासून विनवत आले. आत्या त्यावर "जावईबापू, भाजी वाढू का?" एवढंच विचारायची. दाजींचा चेहरा तेव्हा बघवत नसे.

पुढं आत्याच्या अंगठ्याला जखम झाली. ती तिनं मोजे घालून जावयापासून लपवली, आणि अंगठा काळा पडायला लागला तेव्हा कुठं कळलं. डॉक्टर म्हणाले, आधी रक्त मोजा, मग कापायचं का ते ठरवू. आत्या म्हणाली, "बोट गेलं तर जाऊ द्या, पन जावयाला पाय धरू देनार नाय. पाप लागंल मला." शेवटी माझी आतेबहीण रडायला लागली, तेव्हा आत्या खाटेवर आडवी झाली.

दाजींनी तिचा पाय दोन्ही हातांत धरला आणि पट्टी लावली. मी दाराशी उभा होतो. रेघ बराच वेळ मरगळलेलीच होती. मग हळूहळू वर चढली. अंगठ्यापर्यंत रक्त पोचत होतं. दाजींचे डोळे भरून आले. आत्यानं मान उचलून बघितलं.

"अरे, तू रडतूस व्हय? लेकरा, मी..."

"बोलू नका," दाजी सवयीनं म्हणाले.

आत्या गप्प झाली. तिचा अंगठा वाचला, जखम भरली, आणि घरी आल्यावर दाजी पुन्हा जावईबापू झाले ते कायमचेच. गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. परवा मी दाजींकडं गेलो होतो, तर इकडचं तिकडचं बोलता बोलता ते एकदम थांबले.

"रेघ काय, दुसऱ्यांदा घेता आली असती रं," ते म्हणाले. "तिला बोलू द्यायला पायजे होतं."